काकांचा सत्कार

नव्या फ्लेक्सचा वास आला की माझ्या डोक्यात आजही सणक जाते. देवपुरातल्या एका कॉलेजात मेंदूवरच्या नव्या संशोधनाचं प्रदर्शन होतं आणि अख्खा हॉल त्या वासाने कोंदला होता. भिंतीभर रंगीत मेंदू टांगलेले, पुढच्या सोफ्यांवर फेटे बांधलेले पाहुणे. माझ्या मावशीला कित्येक वर्षं नैराश्य होतं, आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, त्याला नाटकं म्हणायचे. तिने या संशोधनासाठी मेंदूचं स्कॅनिंग करू दिलं ते एवढ्याचसाठी, की कुणीतरी शिकलेल्या माणसाने हा आजारच आहे असं काकांच्या तोंडावर सांगावं. संशोधन करणारे डॉक्टर दिसताच ती काकांना पुढे घेऊन गेली. "भाऊ, मन्हा डोकामा काय निंघनं, ते यासले सांगा ना." डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले, "आक्का, एकेकाचं सांगत नसतो आम्ही. चला, सत्कार सुरू होतोय." आमच्याकडे बाईचा मान घरधन्याच्याच हातात देतात. माइकवरून काकांना बोलावलं, 'पत्नीच्या आजारपणात खंबीर साथ दिल्याबद्दल'. शाल, टोपी, नारळ. त्या निर्लज्ज टाळ्यांमध्ये मावशीच्याही टाळ्या होत्या. काकांनी त्या सत्काराचा फोटो समोरच्या खोलीत लावलाय. परवा गेलो तर मावशी पदराने त्याची काच पुसत होती, आणि काका पाहुण्यांना सांगत होते, "मी हिना नाटकं संभाळात, म्हनीसन मन्हा सत्कार व्हयना."