रानतुळस, सब्जा आणि बाई

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. नवरा गेला तेव्हापासून ती सिहोऱ्याकडच्या आमच्या घरीच राहते. शिक्षण चौथीपर्यंत. मी लाखनीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो; झाडं ओळखायला मात्र तिच्याकडूनच शिकलो.

आमच्या तलावाच्या पाळीवर रानतुळस आणि सब्जा शेजारीशेजारी उगवतात. दोन्ही तुळशीच्याच जातीच्या, लांबून फरक कळत नाही. लहानपणी बाई माझे डोळे झाकायची आणि पान चुरगळून नाकाशी धरायची. कापरासारखा उग्र वास आला की रानतुळस, बडीशेपेसारखा गोड आला की सब्जा. चुकलो की टपली बसायची. खोकल्याचा काढा ती रानतुळशीचाच करायची. गावातल्या बाया तो न्यायला यायच्या.

कोरोनात आम्हा दोघांनाही ताप आला आणि वास येईनासा झाला. माझा वास पंधरा दिवसांत परतला. तिचा गेला तो गेलाच, आणि तिनं ते कोणाला सांगितलंही नाही. एका सुट्टीत मी घरी गेलो, तर अंगणातच करपल्याचा वास आला. आत चुलीवर दूध आटून काळं झालेलं आणि बाई पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती.

"बाई, दूध जळलं ना!"

तिनं वळून पाहिलं. "मी इथंच बसली होती रे. मले काहीच समजलं नाही." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

तुमसरचे डॉक्टर म्हणाले, ओळखीचे वास रोज देत राहा. मी पाळीवरून दोन्ही डहाळ्या आणल्या. तिनं पानं नाकाशी नेलीच नाहीत, बोटांत चोळली.

"हे केसाळ, म्हणजे रानतुळस. हा गुळगुळीत, सब्जा."

"बरोबर! वास आला का?"

"नाही रे बाबू. ओळखू येते, पण भेटत नाही."

पुढं तिनं काढा करणं सोडलं. मी रागावलो, तर म्हणाली, "पान सडलं असलं तं मले समजन का? लोकायले कायले देऊ?"

आता बाया मेडिकलमधून बाटली आणतात. दारावरून जाताना हाक मारतात, बाईही हसून बोलते. स्वयंपाक अजून तीच करते. तिखट-मीठ अगदी नेमकं असतं. मला आग्रह करून वाढते आणि स्वतः दोन घास खाऊन उठते.