मनसारामभाऊचा सायलेन्सर

मोहबोडीचा मनसारामभाऊ गावात येतोय हे कळायला कुणाला वाटेकडे डोळे लावून बसावं लागत नसे. त्याची जीप तलावाच्या पाळीवर चढली की आधी कुत्री उठत, मग कोंबड्या पळत, आणि मग त्याची बायको कुंताबाई चुलीवर भाताचा गंज चढवी. भाऊ वाटेत जो भेटेल त्याच्याशी बोलत, थांबत घरी पोचे, तोवर भात तयार. त्याची लेक दामिनी लहान होती तेव्हापासून त्या आवाजासरशी पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात येऊन उभी राही. मोठी झाली, बारावी झाली, तरी तांब्या काही चुकला नाही.

मी तालुक्याला, मूलच्या शाळेत शिकवायची आणि सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास रोज त्याच जीपने जायची, कारण आमच्याकडची एसटी तिची मर्जी होईल तेव्हा येई. मला आवाजाचा मनस्वी राग. वर्गात ओरडावं लागू नये म्हणून मी घसा जपायची आणि सकाळीच जीपमध्ये ‘जरा सरका’ एवढं सांगण्यात तो खर्ची पडायचा. त्या जीपचा हॉर्न सोडून सगळं वाजायचं. मी कुरकुर केली की भाऊ आरशातून हसत म्हणायचा, “काऊन चिडता बाई? गाडी बोलून राह्यली, भांडून नाई राह्यली.”

दोष बिचाऱ्या जीपचा नव्हताच. भाऊ मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरातला. तलावातली रोहू-कतला टोपल्यांत भरून, वर बर्फ टाकून तो मूलच्या बाजाराला न्यायचा आणि टोपल्यांच्या आजूबाजूला आम्हा माणसांना कोंबायचा. बर्फाचं, मासोळीचं पाणी फळीतून गळत थेट खालच्या सायलेन्सरवर. तो रोज आंघोळ करी आणि रोज तापे. गंजायला आणखी काय लागतं?

त्या वर्षी दामिनीचं लग्न ठरलं. मुलगा मूलच्याच वाटेवरच्या चिचखेड्याचा, कुलदीप. सगळं सुरळीत होतं, पण साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी नवरदेवाच्या बापाने, बापूरावांनी, विषय काढलाच. “इवाई, नवरीची गाडी कोनती?”

भाऊ काही बोलायच्या आधी आतून दामिनीच म्हणाली, “मी जाईन त बाबाच्याच गाडीत जाईन.”

बापूराव कसनुसे झाले. माणूस वाईट नव्हता, हौशी होता. “पोरी, मी वडसाचा बँड सांगितला हाय. तुया बाबाची गाडी आली त बँड वाजून राह्यला का बंद हाय, हे बी समजनार नाई. आवाज बंद करा, नाईतर मी चंद्रपूरहून कार आनतो.”

भाऊने मान डोलावली, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. त्या जीपवर त्याने पोरीला शिकवलं होतं. तिला सासरी पोचवायला परकी कार यावी, हे त्याला मुळीच सोसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच त्याने मूलच्या हरिदास मिस्त्रीला गाठलं. हरिदास वेल्डिंगला हुशार, बोलायला त्याहून. त्याने सायलेन्सरवर नुसतं बोट टेकवलं आणि बोट आत गेलं. तरीही भाऊच्या आग्रहाखातर गॅस पेटवला. पत्रा पापडासारखा झालेला. ज्योत लागताच भोकाचं भगदाड झालं. “एक बुजवाले गेलो त दोन झाले,” हरिदास म्हणाला. “भाऊ, याले वेल्डिंग नाई, आता खांदा द्या.”

नवा सायलेन्सर चंद्रपूरहून मागवला. तो आला लग्नाच्या आदल्या दुपारी, आणि बसवताना कळलं की पुढच्या नळीचं तोंडही गंजून झडलंय. सायलेन्सर नवा कोरा, पण जोडापाशी करंगळी जाईल एवढी फट. नवी नळी वळवून घ्यायला वेळ नव्हता; हरिदासचं दुकानही लग्नसराईत कपाटं-पलंगांनी भरलेलं.

तेव्हा आमच्या मनसारामभाऊने ढिवराची अक्कल चालवली. डोंग्याला फट पडली की काय करतात? सुतळीचा पिळा ठासून वर तेलात कढवलेली राळ ओततात. पिढ्यान् पिढ्यांचा उपाय, थेंबभर पाणी आत येत नाही. भाऊ जीपखाली आडवा झाला आणि त्याने ती फट अशी लिंपली की डोंगा असता तर वैनगंगा पार करून आला असता.

कुंताबाई हळदीच्या गडबडीतून डोकावून म्हणाली, “डोंगा पान्यात चालते. हे आगीवर चालते.”

“फट ते फट,” भाऊ म्हणाला. “तू हळद पाय.”

लग्न लागलं, जेवणं झाली, आणि नवरी जीपमध्ये बसली. भाऊने किल्ली फिरवली. जीप मांजरीसारखी गुरगुरली, बस्स. वऱ्हाडी एकमेकांकडे पाहू लागले. बापूरावांनी तर भाऊच्या पाठीवर थापच मारली. मी मागे करवल्यांत बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या जीपमध्ये शेजारणीचं बोलणं ऐकत होते. (ऐकण्यासारखं काही नव्हतं, ही गोष्ट वेगळी.)

अर्ध्या वाटेवर वास सुरू झाला. नळी तापली, राळ पाघळली आणि फळीच्या फटींतून पांढरा, गोड धूर वर येऊ लागला. देवघरात ऊद घालावा तसा. करवल्या खोकायला लागल्या, नवरीच्या मुंडावळ्या धुरात दिसेनाशा झाल्या. “बाबा, काय जळून राह्यलं?” दामिनीने विचारलं. भाऊ घाम पुसत म्हणाला, “काई नाई माय, गाडी तुले ओवाळून राह्यली.” त्यावर रडवेली दामिनी जी हसायला लागली ती चिचखेड्यापर्यंत हसतच होती.

चिचखेड्याच्या वेशीवर बँड तयार होता, पण त्याच्याही पुढे बापूरावांची म्हातारी आई रुखमाबाई उभी होती. तिला फारसं दिसत नसे. उदाचा वास आला, पाठोपाठ धुरात वेढलेलं काहीतरी हळूहळू येताना दिसलं. तिने थेट हात जोडले. “देवाची पालखी आली वं माय!” म्हणत तिने जीपच्या बॉनेटला कुंकू लावलं आणि नारळही फोडायला लावला. ते पाहून बाकीच्या बायकाही पुढे झाल्या. बापूराव छाती फुगवून सांगत सुटले, “अशी वरात पंचक्रोशीत कोनाची आली नसन!”

लग्नानंतर हरिदासने नवी नळी वळवून पक्की बसवली आणि जीप पार गप्प झाली. मी सुखावले. जीपमध्ये वह्या तपासू लागले, झोपही काढू लागले. पण कुंताबाईचा भात रोज कच्चा राहू लागला आणि भाऊ मात्र सुकत चालला. रोज चिचखेड्यावरून जाताना तो गाडी हळू करी आणि लेकीच्या दाराकडे पाही. दार रिकामं. तो उतरत नसे. लेकीच्या घरी असं रोज रोज जाणं आमच्याकडे बरं दिसत नाही. नुसतं पाही, आणि पुढे निघे. मला त्याच्या पाठीकडे पाहूनही वाईट वाटायचं.

पावसाळा संपत आला होता. एके सकाळी चिचखेड्याला बापूरावच रस्त्यात आडवे उभे. भाऊ घाबरून उतरला. “इवाई, दामिनी बरी हाय ना?”

“बरी कशाची! सकाळपासून तांब्या भरून वट्ट्यावर बसते. गाडी कवा येते, कवा जाते, समजतच नाई. भाकर तव्यावर टाकाले आत गेली का तुमी निंघून जाता. मंग दिवसभर तोंड एवढंसं. आमची माय माह्यावर चिडून राह्यली, का तूच तो आवाज बंद कराले लावला म्हनून.”

भाऊचे डोळे भरून आले. कसाबसा म्हणाला, “हॉर्न बसवून घेतो ना, आजच.”

“हॉर्न त सगळ्याच गाड्यायचा वाजते,” बापूराव म्हणाले. “तिले तिच्या बापाची गाडी आइकाची हाय. काहाडा तो सायलेन्सर.”

हरिदासने कपाळावर हात मारला. चांगला सायलेन्सर काढून टाकायचं काम त्याच्याकडे आजवर कुणी आणलं नव्हतं. शेवटी माझ्या कानांची दया येऊन त्याने एक तोड काढली: नळीला भोक आणि भोकाला बोल्ट. तेव्हापासून चिचखेड्याच्या अलीकडच्या नाल्यापाशी जीप थांबू लागली. भाऊ फडकं आणि पाना घेऊन खाली शिरे, बोल्ट काढे, आणि आम्ही सगळे बोंबलत गावात शिरू. मला शाळेत उशीर होई, मी रोज त्याला बोलत असे, आणि रोज नाल्यापाशी फडकं मीच त्याच्या हातात देत असे.

कारण आम्ही तिच्या घराच्या वळणावर पोचायच्या आत दामिनी रस्त्यावर येऊन उभी असायची, हातात पाण्याचा तांब्या घेऊन.