खांबामागचे प्रॉम्प्टरभाऊ

प्रॉम्प्टरभाऊ कधी कुणाच्या समोर बसले नाहीत. कारध्याला, वैनगंगेपासून हाकेच्या अंतरावर, आमचा ज्येष्ठांचा निवास आहे. त्याला वृद्धाश्रम म्हटलेलं आमच्यापैकी कुणालाच खपत नाही. तिथल्या हॉलमध्ये चांगल्या तीस खुर्च्या मांडलेल्या असताना हा माणूस आपली खुर्ची उचलून खांबामागे नेऊन ठेवायचा. जेवताना तोंड भिंतीकडे. फोटो काढायचा म्हटलं की हमखास गायब. पहिल्या दिवशी मला वाटलं, गृहस्थ घरी भांडून आले असावेत. मग कळलं, त्यांनी आयुष्याची पस्तीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत काढली होती. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस आले की आमच्याकडे गावोगावी नाटकं होतात, आणि प्रत्येक नाटकात पडद्याआड वही घेऊन बसलेला एक माणूस असतो. नटाची ओळ अडली की तो ती हळूच पुरवतो. आपण लोकांना दिसलो म्हणजे काम बिघडलं, हे त्यांच्या अंगात असं मुरलं होतं की निवृत्तीनंतरही सुटलं नाही.

माझं आणि त्यांचं जमायचं काही कारण नव्हतं. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. वर्गात कुणी कुणाला उत्तर कुजबुजून सांगितलं, तर मी सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही बाकावर उभं करत असे. उतारवयात नेमका शेजार मिळाला तो अशा माणसाचा, ज्याने कुजबुजण्यावर पोट भरलं. हे मी त्यांना बोलून दाखवलं तेव्हा ते मान खाली घालून म्हणाले, “मॅडम, मी तुमच्या वर्गात असतो त जिंदगीभर बाकावरच राहिलो असतो.”

आमच्याकडे दर रविवारी चार वाजता, चहानंतर, कुणीतरी एकाने आपली जीवनकथा सांगायची असा नियम आहे. हा नियम आमच्या सिस्टरांचा. त्या दवाखान्यातून निवृत्त होऊन इथली व्यवस्था बघतात आणि त्यांच्यासमोर कुणाचं काही चालत नाही. पहिल्याच रविवारी वनखात्यातले मेश्राम वाघाची गोष्ट सांगायला उभे राहिले. वाघ पाणवठ्यावर आला, मेश्राम झाडाआड उभे, आणि तिथेच त्यांना पुढचं आठवेना. एवढ्यात खांबामागून घोगरा, खालच्या पट्टीतला आवाज आला, “अन् मंग वाघानं मान फिरवली.” मेश्रामांनी लगेच ओळ उचलली आणि वाघ पुन्हा चालू लागला. जेवताना तीच गोष्ट त्यांनी चारदा सांगितली होती, प्रॉम्प्टरभाऊंना ती पाठ झाली होती.

त्या दिवसापासून प्रॉम्प्टरभाऊंचा धंदा पुन्हा सुरू झाला. ज्याचा रविवार असेल त्याच्या खोलीत ते शुक्रवारी जायचे, सगळं ऐकून शंभर पानी वहीत उतरवून घ्यायचे आणि जिथे माणसाचा गळा दाटतो तिथे लाल पेन्सिलीने रेघ मारायचे. “शब्द मी देईन,” ते सांगायचे, “रडायचं तुमचं तुम्ही पाहा.” मी त्यांना विचारलं, रेघ कशाला? तर म्हणाले, “तिथं ओळ द्यायची नसते. माणूस अडकला का थांबला, हे ज्याले समजत नाही त्यानं वही हातात घेऊ नये.” हे ऐकून मला माझे काही विद्यार्थी आठवले आणि थोडं ओशाळल्यासारखं झालं.

त्यांच्या हातून एकदाच गोंधळ झाला, पण तो असा की अजून जेवणाच्या टेबलावर निघतो. मेश्रामांचा दुसरा रविवार होता, लग्नाची गोष्ट. वह्यांची अदलाबदल झाली. मेश्राम जरा अडखळले तशी खांबामागून ओळ आली, “नवरी पवनीहून डोंग्यात बसून आली.” मेश्राम आज्ञाधारक माणूस. त्यांनी ओळ उचलली, वर आपल्या पदरचं नदीचं वर्णनही जोडलं. नावाडी कसा होता, पाणी कसं चढलं होतं, सगळं. पहिल्या रांगेत त्यांच्या सौभाग्यवती बसलेल्या.

“मी डोंग्यात कधी बसली?” त्या म्हणाल्या. “मले पाण्याचं भेव वाटते. मी एसटीनं आली होती, मोठ्या भावासंगं.”

मेश्राम खांबाकडे बघत राहिले. मागच्या रांगेतून निंबार्ते नावाचे आमचे पवनीचे शेतकरी उठून उभे राहिले आणि आनंदाने म्हणाले, “ते लग्न माझं हाये.” मग उरलेली गोष्ट निंबार्त्यांनी सांगितली. मेश्रामबाई मात्र दोन दिवस नवऱ्याला विचारत होत्या, की डोंग्यातली ती कोण.

आता हटवारांविषयी सांगायला हवं. हटवारांचं आंधळगावला कोशाच्या रेशमी साड्यांचं दुकान होतं. पण ऐन तारुण्यात ते एक हंगाम नाटकात हिरो होते, आणि तेही प्रॉम्प्टरभाऊंच्याच कंपनीत. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा. “हा माझा प्रॉम्प्टर होता,” असं ते प्रॉम्प्टरभाऊंकडे बोट दाखवून सांगायचे, जणू घरचा गडीच. एका प्रयोगात पब्लिक खराब निघाली म्हणून आपण रंगभूमी सोडली, असं त्यांचं म्हणणं. पण रविवारी सांगायची पाळी आली की या गृहस्थांना हमखास ताप यायचा. तीन वेळा आला. चौथ्या वेळी प्रॉम्प्टरभाऊंनी त्यांना अक्षरशः हाताला धरून नेलं आणि खांबामागून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ओळ पुरवली. अडण्याची वाटसुद्धा पाहिली नाही. एवढी काळजी ते दुसऱ्या कुणाची घेत नसत. मी त्याचा अर्थ जुनी मैत्री असा लावला होता.

गेल्या वर्षी प्रॉम्प्टरभाऊंचा घोगरा आवाज अगदीच बसला. नागपूरला तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, घशातली आवाजाची पेटीच काढावी लागेल. आठ दिवसांनी ऑपरेशन. आम्ही सगळे हादरलो. त्यांनी मात्र सिस्टरांना एवढंच विचारलं, “हा रविवार कोणाचा हाये? मले द्या.” दीड वर्षात त्यांनी आपली पाळी कधी घेतली नव्हती.

सिस्टरांनी त्यांची खुर्ची पुढे, मधोमध ठेवली. प्रॉम्प्टरभाऊ बसले. हातात वही नव्हती. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग आम्हा सगळ्यांना ओळ पुरवायची सुरसुरी आली. “जन्मापासून सुरू करा,” निंबार्ते म्हणाले. “शाळेत होतो म्हणा,” मेश्राम म्हणाले. मीसुद्धा काहीतरी पुटपुटले, खोटं कशाला सांगू. त्यांनी हात वर केला.

“मी अडकलो नाही. थांबलो हावो,” ते म्हणाले. आणि मग हटवारांकडे बघून, त्या उरलेल्या आवाजात, “हटवार, त्या दिवशी पब्लिक खराब नव्हती. मी खराब होतो. जेवताना सर्वाईसमोर तू म्हटलं, नाटक मी करतो, हा नुसता कुजबुजते. मले राग आला. तिसऱ्या अंकात तू हात वर केला अन् माझ्याकडं पाह्यलं. ओळ मले पाठ होती. मी वही मिटली. तुले ओळ देली नाही.”

हटवारांचा चेहरा मला दिसत होता, तो पाहवत नव्हता.

“पन्नास वर्षं मले वाटे, माह्याच डोक्यात खोट हाये,” हटवार म्हणाले. “पोराच्या लग्नात लोक म्हणे, दोन शब्द बोला. मी संडासात जाऊन बसलो.” एवढं बोलून ते उठले, आणि का कोण जाणे, आपली खुर्चीही बरोबर घेऊन गेले.

पुढचे तीन दिवस ते खोलीत जेवले. प्रॉम्प्टरभाऊ त्यांच्या दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. मी दोघांनाही मनातल्या मनात बाकावर उभं केलं. या वयात एवढं जुनं कशाला उकरायचं, असं मला वाटलं, आणि नसतं उकरलं तर हा माणूस ते घेऊनच मुका झाला असता, असंही वाटलं. गुरुवारी सकाळी प्रॉम्प्टरभाऊंना नागपूरला न्यायला त्यांचा पुतण्या गाडी घेऊन आला, तर पुढच्या सीटवर हटवार बसलेले. मांडीवर पिशवी, डोक्याला रुमाल.

“मी माफ नाही केलं,” ते काचेबाहेर बघत म्हणाले. “पण तिथं नर्स काही विचारन, त हा सांगन कसा? त्याचा आवाज त राहणार नाही.”

परत आल्यावर प्रॉम्प्टरभाऊ लहान पॅडवर लिहायचे आणि हटवार ते मोठ्याने वाचून दाखवायचे. सरळ वाचतील तर ते हटवार कसले. भाऊंनी लिहावं, ‘आंघोळीले गरम पाणी’, आणि हटवारांनी हात उंचावून म्हणावं, “या देहाले आज ऊन पाण्याची आस लागली हाये.” वाचताना शब्द बदलला की भाऊ पेनाने खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक करायचे. मग हटवार कुरकुरत दुरुस्ती करायचे. सकाळ-संध्याकाळ हा खेळ चालायचा. आमच्या सिस्टर, ज्या सहसा हसत नाहीत, त्या औषधाच्या वेळी मुद्दाम रेंगाळायच्या. रविवारीही हे दोघे पुढच्याच रांगेत बसू लागले. भाऊ वहीवर बोट ठेवायचे आणि हटवार सगळ्यांना ओळ द्यायचे, तीही एवढ्या मोठ्याने की रस्त्यावर ऐकू जावी.

सात महिने हे सुख मिळालं. मग दुखणं उलटलं आणि भाऊ गेले. त्यांच्या शेवटच्या रविवारी मी त्यांच्या डाव्या हाताला बसले होते, म्हणून हे मला ठाऊक आहे. सिस्टर म्हणाल्या, आज भाऊंनी काहीतरी सांगावं. भाऊंनी बराच वेळ घेऊन लिहिलं आणि कागद हटवारांकडे दिला. शिक्षिकेची नजर, गेलीच कागदावर. लिहिलं होतं, ‘हटवार, तिसऱ्या अंकापर्यंत तू लय चांगलं काम करून राहिला होता. त्या हंगामात तुझ्यासारखा नट मी पाह्यला नाही.’

हटवारांनी ते मनात वाचलं. मग पुन्हा वाचलं. सगळा हॉल वाट बघत होता. त्यांनी कागदाची चौघडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि घसा खाकरला.

“तो म्हणते,” ते म्हणाले, “चहात साखर कमी हाये.”

सगळे हसले. भाऊंनी पेनाने खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक केलं. हटवारांनी दुरुस्ती केली नाही. नाक पुसत उठले आणि साखर आणायला स्वतःच स्वयंपाकघरात गेले.