सूचक, रंगनाथ

इंदिरानगरच्या सहवास ज्येष्ठ नागरिक संघात ठराव मांडणाऱ्यांची कधी वानवा नव्हती. कुणाला बागेत नवा बाक हवा, कुणाला वणीची सहल. पण ठराव नुसता मांडून भागत नाही. मांडणारा तो सूचक, आणि त्याला 'मान्य' म्हणणारा दुसरा कुणीतरी अनुमोदक लागतो. हा दुसरा कुणीतरी म्हणजे गेली अकरा वर्षं रंगनाथ. अध्यक्ष कोंडाजीराव चष्म्यावरून तिसऱ्या रांगेत बघायचे, रंगनाथ अर्धवट उठून "माझं अनुमोदन" म्हणायचे आणि टेकायचे. योगवर्ग सहाला भरवावा आणि योगवर्ग आठला भरवावा, या दोन्ही ठरावांना त्यांनी एकाच बैठकीत अनुमोदन दिलं होतं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

स्वभावच तसा. टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी करण्यात हयात गेली. ज्याचं त्याला पोचलं की यांचं समाधान. घरी बायकोनं, कुसाबाईंनी, भाजी कोणती करू विचारलं, तर "तुला आवडेल ती." मूळच्या चांदवडच्या कुसाबाई वैतागायच्या. "अहो, तुमच्या मनात काय हाय ते एकदा तरी तोंडानं सांगा की." रंगनाथ हसायचे. माणूस सुखी होता, हे मात्र कबूल करायला हवं.

त्या सुखात शफीभाईंनी भर घातली. मालेगावात पंचेचाळीस वर्षं यंत्रमाग दुरुस्त केलेले हे गृहस्थ. बायको गेल्यावर लेक नाझियानं आग्रहानं नाशकात आणलं, पण लेक-जावई दिवसभर नोकरीवर. चौथ्या मजल्यावर कंटाळलेले शफीभाई जॉगिंग ट्रॅकवर रंगनाथांना भेटले. संघाच्या हॉलवरून जाताना ते एकदम थांबून म्हणाले, "बीच का पंखा जानेवाला है. बेअरिंग गेलंय." आत पाऊल न टाकता, नुसत्या आवाजावरून. दुसऱ्या दिवशी पंखा बंद पडला आणि तिसऱ्या दिवशी त्यांनीच तो सुरू करून दिला. तेव्हापासून दोघांची रोज संध्याकाळी बैठक जमायला लागली. विषय म्हणाल तर माग, कांदा आणि गुडघे.

मग त्यांना सभासद करून घ्यायचं ठरलं आणि तिथं माशी शिंकली. अर्जात एक रकाना होता, 'सेवानिवृत्तीचा दिनांक'. शफीभाईंनी तो कोरा सोडला. संघ पेन्शनरांनी काढलेला, कोंडाजीराव पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंते आणि नियमाचे पक्के. रकान्याभोवती लाल गोल होऊन अर्ज परत आला.

शफीभाई हसले. "लूमवाला रिटायर कधी होतो, रंगनाथभाऊ?" पण त्यानंतर ते हॉलकडे फिरकले नाहीत. आठवड्याभरानं ट्रॅकवर म्हणाले, "इतवारला मालेगावला परत चाललो. टेम्पो सांगितलाय. तिथं घर रिकामं असलं तरी गल्लीतले लोक नावानं हाक मारतात. इथं तुमच्याशिवाय मला ओळखतं कोण?"

रंगनाथ त्या दिवशी जेवणावरून अर्धवट उठले. कुसाबाईंनी सगळं काढून घेतलं आणि सुनावलं, "मग संघात उभं राहा अन् बोला. दोस्त तुमचा, मग तो दुसऱ्या कुणी मागायचा का?"

शुक्रवारी मासिक बैठक होती. आयत्या वेळचे विषय निघाले तसे रंगनाथ उभे राहिले, आणि या वेळी पूर्ण. सेवानिवृत्तीच्या दिनांकाची अट काढावी आणि शफीभाईंना सभासद करून घ्यावं, एवढंच त्यांनी वाचलं.

नियमाला हात लावायची पाळी आली की भली भली माणसं छताकडे बघायला लागतात. कोंडाजीरावांनी सवयीनं तिसऱ्या रांगेत पाहिलं. "अनुमोदन?"

आणि रंगनाथांच्या तोंडून सवयीनंच निघून गेलं, "माझं अनुमोदन."

एकच हशा पिकला. "रंगनाथराव," कोंडाजीराव म्हणाले, "सूचक आणि अनुमोदक एकच कसा चालेल? दुसरं कुणी आहे का? नसेल तर ठराव बारगळला."

रंगनाथांनी सगळ्यांकडे पाहिलं. इथल्या एकूण एक माणसाच्या ठरावाला त्यांनी मान डोलावली होती. आता एकजण कानातलं मशीन नीट करत होता, दुसरा खुर्चीखाली चपला चाचपत होता. रंगनाथांना राग आला, बहुधा जन्मात पहिल्यांदा.

"साहेब, माझा अर्ज काढा." शेवटच्या खुर्चीवरून झुंबरबाई बोलल्या. तलाठ्यांच्या या विधवा भजनापुरत्या यायच्या. बैठकीत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. कोंडाजीरावांनी फाइल उघडली.

"त्यात तारीख कुणाची हाय?"

"तुमच्या यजमानांची."

"मालक रिटायर झाले. मी कधी झाले? आत्ता कुकर उतरवून आलेय, जाऊन पोळ्या लाटायच्यात. मला चालवून घेता, मग त्या पंखेवाल्या भाऊंना का नाय? माझं अनुमोदन हाय. लिवा."

कोंडाजीराव त्या तारखेकडे बघत राहिले. माणूस नियमाचा पक्का असला तरी खोटा नव्हता. "मंजूर असणाऱ्यांनी हात वर करा," म्हणत त्यांनी सर्वांत आधी स्वतःचाच हात वर केला. मग बाकीच्यांचेही हात वर गेले.

ठरावाची प्रत घेऊन रंगनाथ चहालासुद्धा थांबले नाहीत. लिफ्ट बंद होती. चार मजले चढून पोचले तेव्हा शफीभाई वळकटी बांधत होते. त्यांनी कागद घेतला, एकेक शब्दावर बोट ठेवत वाचला.

"सूचक, रंगनाथ. हे सूचक म्हणजे काय?"

रंगनाथांना धाप लागली होती. "ज्याला हवं असतं तो."

"तुम्हाला काय हवं होतं?"

"तुम्ही. इथं." एवढं बोलून त्यांचे कान तापले, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

शफीभाई वळकटीची गाठ सोडवत बसले. गाठ काही फार घट्ट नव्हती, तरी त्यांना बराच वेळ लागला. मग फोन पुढं करून म्हणाले, "टेम्पोवाल्याला तुम्हीच लावा, रंगनाथभाऊ. मला आकडे दिसत नाहीत."

चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.