मिशीवरचा घास

"बघा ताई, भरवतंय लेकरू!" असं म्हणून मामा मान वर करायचे, आणि खांद्यावरचं निळं पाखरू हापशासारखी मान वरखाली करत त्यांच्या मिशीवर ओकायचं. भिजलेले राळ्याचे दाणे, चिकट, आंबूस वासाचे. मामा ते बोटानं निपटून खुशाल बनियनला पुसायचे. एकदा तर बोट चाटलं. शी! आजही आठवलं की हातातला चहा तसाच राहतो.

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेलच. आमच्या मुकुंदवाडीत हे आहेत, अगदी माझ्या भिंतीला भिंत लागून. उभा जन्म चितेगावच्या कंपनीत फिटर, आता रिटायर. बायको वारली, मुलगा पुण्याला. दुकानदारानं लव्हबर्ड म्हणून दिलेल्या जोडीतली मादी मांजरानं नेली आणि उरलेला नर मामांच्या अंगावरच राहायला लागला.

"पोटच्या पोरानं कधी घास भरवला नाय ताई. ह्यानं भरवला." हे दिवसातून चारदा ऐकायचं.

मामांनी पाठीवरून बोट फिरवलं की पाखरू पिसं फुगवायचं आणि त्यांच्या मनगटावर बूड घासायचं. माझ्या ओट्यावर, माझ्या पोह्यांच्या ताटलीशेजारी! "मामा, उचला ते आधी," मी ओरडायचे. "खेळतंय वो, लई लाडाचं हाय," मामा म्हणायचे. मी ताटलीच उचलून आत न्यायचे.

मग पाखरू वाळायला लागलं. छातीचं हाड बोटाला लागू लागलं. मामांनी अशक्त लेकराला द्यावा तसा खुराक सुरू केला: उकडलेलं अंडं, भिजवलेले दाणे, आणि वर दिवसभर मांडीवर घेऊन कुरवाळणं. ते जितकं खायचं, तितकं जास्त ओकायचं. शेवटी मीच दोघांना रिक्षात घातलं आणि नाकाला पदर लावून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी. तिनं पाखरू तोललं, सगळं विचारलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही ह्याचे वडील नाही. ह्याला तुम्ही बायको वाटता."

मला हसू फुटलं. मामांचा चेहरा पाहून गिळलं.

"पाठीवरून हात फिरवला, मऊ खायला दिलं, उशिरापर्यंत दिवा ठेवला, की ह्याचे हार्मोन चढतात. मग पोटातलं सगळं बायकोला देतो आणि स्वतः उपाशी राहतो. असंच चाललं तर मरेल. मादी आणा, आणि तुम्ही लांब राहा."

घरी आल्यावर मामांनी नळावर साबणानं तोंड धुतलं, तीनदा. मला वाटलं, आली बाई एकदाची किळस. तर ओल्या तोंडानं विचारतात, "ताई, आता लेकरू वळखणार नाय ना मला?"

मादी आणली. पण मामांचा नुसता आवाज आला तरी पाखरू तिला चोच मारून पुढं यायचं आणि जाळीवरच ओकायचं. तिसऱ्या दिवशी मामा पिंजरा घेऊन माझ्या दारात उभे.

"तुम्ही ठेवा."

"मी? अहो, मला शिसारी येते ह्याची!"

"व्हय, म्हणून तर. तुम्ही हात लावणार नाय."

ठेवला. कोरडे दाणे घालते, घाणीचा कागद चिमटीत धरून फेकते, मग फिनेल. दिवस मावळला की पिंजऱ्यावर चादर. महिन्याभरात छातीचं हाड झाकलं गेलं. परवा ते मादीला भरवताना दिसलं. अगदी तस्संच, मान हलवत, चिकट. मी तोंड फिरवलं.

मामा रोज सकाळी फाटकापर्यंत येतात. आवाज होऊ नये म्हणून चपला काढून हातात घेतात. पाचही बोटं जुळवून तोंडाशी नेतात आणि भुवया उडवतात: जेवला का? मी मान हलवते. मग ते जातात.

काल मला राहवलं नाही. "मामा, आत या की, चहा टाकलाय!" मी मोठ्यानं म्हणाले.

मामांनी घाबरून ओठांवर बोट ठेवलं आणि अनवाणीच झपाझप निघून गेले.