चहा, पंचेचाळीस मिनिटं

आमच्या कारखान्यात विमानाच्या पंखातल्या बरगड्या बनतात. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याचा बहुतेक भाग कीस होऊन जातो, उरतो तो पार्ट. आधी कुठली बाजू कापायची, पकडायचं कुठे, हे एकतीस वर्षं एकच माणूस कागदावर लिहीत आला. त्याला आम्ही क्रमकाका म्हणायचो. "मोजेसुद्धा नंबर घालून ठेवतात," असं काकू सांगायच्या.

मग साहेबांनी संगणक आणला. पार्टचं चित्र बघून तोच क्रम काढणार. शिकवणी म्हणून काकांचे सगळे कागद त्याला पाजले. प्रत्येक कागदावर सहाव्या ओळीत एकच शब्द: चहा.

"कामात चहा, तोही लेखी!" साहेब खो खो हसले आणि ती ओळ सगळीकडून उडवली. चाचणीच्या दहा बरगड्या पास झाल्या की काकांची खुर्चीही उडणार होती.

दहाही पास झाल्या. मीच तपासल्या, टेबलाला घट्ट आवळून, साहेबांनी सांगितलं तशा. पकड सोडली तर एकेक केळ्यासारखी वाकली.

"पंखात रिव्हेट मारले की होतील सरळ," साहेब म्हणाले. मी शेपूट घातलं. अजून लाज वाटते.

काकांना मात्र राहवेना. काकूंनी बजावलं होतं, "तोंड उघडू नका. होऊ दे फजिती." तरी ते साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. "चहा माझा नाही साहेब, पार्टचा. ढोबळ कापून झालं की पकड सोडायची. पाऊण तास त्याला वाकायचं तेवढं वाकू द्यायचं. मग हलकेच पकडून शेवटचं कापायचं."

"मग तसं लिहायचं ना!"

"तसं लिहिलं असतं तर तुमच्या आधीच्या साहेबांनी 'मशीन रिकामं बसतं' म्हणून काट मारली असती. चहाला हात लावायची त्यांची छाती नव्हती."

त्या दहा भंगारात गेल्या. पुढच्या दहा सुतासारख्या सरळ आल्या. काकांकडे होतं तेवढं शहाणपण आता संगणकाला आलं होतं, तेव्हा आठवड्यात खुर्ची गेलीच. कागदावर मात्र छापून येतं: 'चहा, ४५ मिनिटे', खाली साहेबांची सही. या शोधाबद्दल त्यांना बढतीही मिळाली.

निरोपाला साहेबांनी काकांना चहा पाजला. दहाव्या मिनिटाला साहेब घड्याळ बघू लागले. काका अर्धा कप ठेवून उठले.

"पंचेचाळीस मिनिटं पार्टला असतात," मला म्हणाले.