न लागणारं दही

जंतुनाशकाचा उग्र वास आला की मला मुकुंदवाडीतली आमची पहिली खोली आठवते. लग्न नवं होतं आणि स्वच्छतेचं खूळ डोक्यात भरलेलं. लादी, मोरी, भांडी, सगळं मी जंतुनाशकाच्या पाण्यानं धुवायची, अंघोळीच्या बादलीतही दोन टोपणं ओतायची. तरी महिन्याआड मला उन्हाळी लागायची. लघवीला गेलं की आगीनं डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी शेजारच्या भाभींनी मला ओढतच डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी लघवी तपासायला पाठवली, गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, “खालची जागा कशानं धुता?” मी मोठ्या ऐटीत बाटलीचं नाव सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. “अहो, तिथं चांगले जंतू राहतात, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंदच. ते वाईट जंतूंना टिकू देत नाहीत. तुम्ही राखणदारच मारले, मग चोर येणारच की! साधं पाणी पुरे.” मी ओशाळले, पण भाभी टाळी वाजवून ओरडल्या, “हौ की! म्हणूनच हिचं दही लागत नाय! रोज माझ्याकडून विरजण नेती अन् भांडं त्याच पाण्यानं धुती!” बाहेर बाकावर बसलेल्या बायकाही खो खो हसायला लागल्या. त्या दुखण्यात पोट धरून हसणं सोपं नव्हतं, तरी मीही हसले. तेव्हापासून बाटली मोरीपुरती राहिली आणि माझं दही सुरीनं कापावं असं लागायला लागलं. परवा शेजारची नवी सून लागोपाठ तिसऱ्या दिवशी विरजण मागायला आली. मी वाटी भरून दिली, दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, “बाई गं, तुला उन्हाळी तर लागत नाय ना?”